स्मेलहोमचा मनोरा : जतनाच्या अभ्यासाच्या प्रकल्प नोंदी

६ एप्रिल, एडिंबरा

कामाला आज सुरुवात. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरचं एक पडीक टॉवर हाउस, म्हणजे मनोऱ्यासारखं उंच तटबंद घर, घ्यायचं, त्याची बाहेरून-आतून नोंद करायची, ते आजवर कसं टिकलं याचा माग काढायचा आणि त्यावर मराठीत एक छोटी सचित्र पुस्तिका करायची. पुस्तिका गडांवर श्रमदान करणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींसाठी. ही मुलं शनिवार-रविवार उन्हात घाम गाळतात, पदरचे पैसे घालतात. त्यांना ‘सिमेंट वापरू नका’ एवढंच सांगून भागत नाही. का नाही, आणि मग काय, हे एका खऱ्या भिंतीवर दाखवायला हवं.

ती भिंत स्मेलहोमची घ्यायची हे ठरलं. मुख्य कारण दगड. हा मनोरा ज्या टेकडीवर उभा आहे तिथल्याच काळ्या, बेसॉल्टच्या जातीच्या दगडाचा आहे. इथले गवंडी त्याला व्हिनस्टोन म्हणतात. सह्याद्रीतला आपला काळा दगड ज्याने हाताळलाय त्याला ही भिंत परकी वाटणार नाही.

११ एप्रिल, स्मेलहोम

केल्सो गावाच्या पश्चिमेला आठेक किलोमीटर. रस्ता सँडीनाउ नावाच्या शेतवाडीच्या अंगणातून जातो आणि मग एकदम तो दिसतो: उघड्या कातळावर उभा, सुमारे २० मीटर उंच, जवळपास काहीच नाही. पायथ्याशी एक लहानसं तळं. पश्चिमेला ईल्डनचे तीन डोंगर, दक्षिणेला चेव्हियटची रांग, म्हणजे इंग्लंडची हद्द. शत्रू कुठून येणार हे इथे उभं राहिलं की विचारावं लागत नाही.

आराखडा साधा. आयताकृती, एकावर एक मजले, दोन मीटरहून जाड भिंती, खिडक्या मोजक्या आणि लहान. खाली एकच दार, दाराच्या वर बंदुकीसाठी जंगी. भोवती दगडी भिंतीचं आवार, त्याला बार्मकिन म्हणतात. गुरं, माणसं, धान्य सगळं धावून आत यायची ही जागा.

आज फक्त बाहेरच्या भिंती पाहिल्या आणि त्यातही वेळ गेला तो एका मीटरभर तुकड्यावर. व्हिनस्टोन घडवायला फार कठीण, म्हणून दगड जसे फुटले तसे वापरलेत. त्यामुळे सांधे वेडेवाकडे आणि रुंद. त्या रुंद सांध्यांत गवंड्याने लहान लहान चिपा ठासून बसवल्यात, काही अंगठ्याएवढ्या. त्या नुसत्या भरतीच्या नाहीत. चिप घातली की चुना कमी लागतो, सांधा आकसत नाही, आणि वरचा दगड खालच्यावर नीट बसतो. दारा-खिडक्यांच्या चौकटी आणि कोपरे मात्र तांबड्या वालुकाश्माचे, कारण तिथे सरळ धार हवी आणि ती काळ्या दगडाला देणं परवडणारं नव्हतं. एकाच भिंतीत एक दगड पाणी न पिणारा आणि एक भरपूर पिणारा. जतनाचा सगळा पेच या जोडीत आहे.

फोटो घेतले, शेजारशेजारच्या फोटोंचं एकमेकांवर आच्छादन चांगलं मिळालं. हे संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे भिंतीला खूण, खिळा, खडू काही नाही. मापं फोटोंवरून काढणार.

१८ एप्रिल, एडिंबरा

दिवसभर वाचनालयात.

मनोरा प्रिंगल घराण्याने बांधला, पंधराव्या शतकात किंवा सोळाव्याच्या सुरुवातीला. हे घराणं डग्लस सरदारांच्या पदरी होतं आणि एट्रिकच्या जंगलावर त्यांच्याकडे अधिकारपद होतं. ९ सप्टेंबर १५१३ ला फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स पडला. त्याच रणात स्मेलहोमच्या प्रिंगलांच्या घरातलीही माणसं गेली. पुढे १५४० च्या दशकात इंग्रजांच्या धाडी वारंवार आल्या. गुरं हाकून न्यायची, गवताच्या गंजी आणि घरं पेटवायची, धान्य न्यायचं. ही सीमा तीनशे वर्षं अशीच जळत राहिली, आणि दोन्ही बाजूंची घराणी एकमेकांवर तसंच करत होती.

आज हाती लागलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे स्कॉटिश संसदेचा १५३५ चा कायदा. शंभर पौंडांची जमीन असलेल्या प्रत्येकाने आपल्या जमिनीत सोयीच्या जागी दगड-चुन्याचं बार्मकिन बांधावं: ६० फूट चौरस, भिंत एक एल जाड आणि सहा एल उंच. अडचणीच्या काळात स्वतःला, कुळांना आणि मालाला आसरा मिळावा म्हणून. आणि त्यात स्वतःसाठी मनोरा? तो बांधायचा तर बांधावा, त्याची इच्छा. स्कॉटिश एल म्हणजे सुमारे ९४ सेंटिमीटर, तेव्हा भिंतीची उंची साडेपाच मीटरच्या वर जाते. म्हणजे कायद्याच्या लेखी आवार आधी, मनोरा नंतर. आज लोक मनोऱ्याचा फोटो काढतात आणि आवाराच्या पडक्या भिंतीवर बसून डबा खातात. पुस्तिकेत आवाराला पूर्ण दोन पानं द्यायची.

शिवाय १४५५ चा इशाऱ्याच्या जाळांचा कायदा. सीमेवर टेहळणी करून एक जाळ पेटला तर इंग्रज हालचाल करताहेत, दोन पेटले तर नक्की येताहेत, चार ओळीने पेटले तर मोठी फौज आहे.

२ मे, स्मेलहोम

आज आत. तळमजल्यावर कमानीचं दगडी छत, त्याच्या पोटात लाकडी माळा होता, साठवणीसाठी. कोपऱ्यातल्या चक्री जिन्याने वर गेलं की दिवाणखाना: मोठी चूल, भिंतीच्या जाडीत खोल खिडक्या आणि त्यात समोरासमोर दगडी बैठका. संडासाचा कोनाडाही भिंतीतच. पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या गृहस्थाचं सगळं घर इतक्या भिंतींत मावत होतं.

सर्वांत वरच्या मजल्यालाही दगडी कमानीचं छत आहे. या एका गोष्टीवर मी आज सर्वांत जास्त लिहून ठेवलं. टॉवर हाउस ओसाड पडलं की आधी छपराच्या पाट्या जातात, मग वासे, मग लाकडी मजले, आणि त्यानंतर भिंती वरून उघड्या पडतात. इथे लाकूड गेलं तरी दगडी कमान डोक्यावर राहिली. पाऊस आतल्या भिंतींवर सरळ कोसळला नाही. तोफेच्या भीतीने म्हणा किंवा आगीच्या भीतीने, ज्याने ती कमान घातली त्याने नकळत पुढच्या काही शतकांचं जतन करून ठेवलं.

माथ्यावर उत्तर आणि दक्षिण बाजूंनाच चालायची वाट. उत्तरेकडे धुराड्याच्या पाठीला टेकून पहारेकऱ्याची दगडी बैठक, शेजारी कंदिलासाठी कोनाडा. बैठक धुराड्याला लागून का, हे तिथे वाऱ्यात दोन मिनिटं थांबलं की कळतं. खालच्या चुलीची ऊब त्या दगडातून पाठीला मिळत असणार. ज्याने हे बांधलं त्याने रात्री जागणाऱ्या नोकराच्या पाठीचा विचार केला होता.

९ मे, ग्रीननाउ

तुलनेसाठी गॉर्डन गावाजवळचं ग्रीननाउ टॉवर हाउस. हे १५८१ चं, सालासकट कुळचिन्हं दारावर कोरलेली. आराखडा इंग्रजी एल अक्षरासारखा, कोपऱ्यांवर छोटे लटकते बुरूज, पायऱ्यांसारख्या उतरत्या त्रिकोणी भिंती. राहायला स्मेलहोमपेक्षा किती तरी सुखाचं असणार. दाराशी जुनी लोखंडी जाळी अजून आहे, गज एकमेकांत आलटून-पालटून ओवलेले. १६०३ मध्ये दोन्ही राज्यांचा राजा एक झाल्यावर सीमेवरच्या घरांची लोखंडी दारं काढून टाकण्याचा हुकूम निघाला होता. हे वाचलेल्यांपैकी.

छप्पर मात्र गेलंय. आत उभं राहून वर पाहिलं तर आभाळ. वयाने स्मेलहोमपेक्षा धाकटं असून भिंतींच्या माथ्यावर इथे झीज जास्त. उघड्या माथ्याची भिंत म्हणजे वरून तोंड उघडं असलेलं भांडं. अशा भिंतीला तीन थर असतात: बाहेरचा दर्शनी दगड, आतला दर्शनी दगड आणि मधे गोटे, चुना, माती यांची भर. पाणी वरून मधल्या भरीत उतरतं, चुना धुऊन नेतं, भर खाली बसते आणि एक दिवस दर्शनी भिंतीला पोट येतं. गडावर ज्यांनी तटबंदी ढासळलेली पाहिलीय त्यांना हे पोट ओळखीचं आहे.

दोन मनोरे शेजारी ठेवले की धडा आपोआप मिळतो. पुस्तिकेत समोरासमोरच्या पानांवर दोघांचे छेद.

२३ मे, स्मेलहोम

मुद्दाम पावसात गेले. कोरड्या दिवशी भिंत काही सांगत नाही.

व्हिनस्टोनवर पाणी ओघळत होतं, आत जात नव्हतं. दगड पीत नाही म्हणजे सगळं पाणी सांध्याकडे जातं. चुन्याच्या सांध्यावर ते पसरतं, काळपट डाग उमटतो आणि पाऊस थांबल्यावर दीड-दोन तासांत कडेपासून उजळायला लागतं. चुना पाणी घेतो आणि परत सोडतो. त्याचं कामच ते. तांबड्या वालुकाश्माच्या चौकटींवर वाऱ्याच्या बाजूला कण सुटलेले, हात न लावताही दिसतात.

सिमेंटचं नुकसान इथेच समजावता येईल. काळा दगड कठीण, म्हणून माणसाला वाटतं की त्याला कठीणच मसाला हवा. पण भिंत ऊन-थंडीने हलते. सिमेंट हलत नाही, ते दगडापासून केसाएवढं सुटतं. त्या फटीतून पाणी आत जातं आणि बाहेर यायची वाट बंद. इथल्या हिवाळ्यात ते गोठतं, फुगतं, दगड ढकलतं. आपल्याकडे गोठत नाही, पण चार महिन्यांचा पाऊस मधली भर धुऊन काढायला पुरतो. शेजारी मऊ दगड असेल तर सिमेंटमधले क्षार त्याचीच कातडी सोलतात. मसाला दगडापेक्षा मऊ हवा. झिजायचं तर सांध्याने झिजावं, तो पुन्हा भरता येतो.

१३ जून

चुन्याच्या प्रात्यक्षिकाचा दिवस. शिकवणारे गवंडी साठीचे, बोलणं थोडं. कळीचा चुना आणि वाळू, एकास तीन, एकत्र ढीग करून त्यावर पाणी. मिनिटभर काही नाही, मग ढीग भेगाळतो, वाफा निघतात, फुगतो. हातमोजे आणि चष्म्याशिवाय जवळ जाऊ देत नाहीत, आणि ते योग्यच. गरम असतानाच घोळून वापरायचा. अशा चुन्यात न विरघळलेले पांढरे खडे राहतात, आणि जुन्या भिंतीतल्या मसाल्यात तसे खडे दिसले की जुन्या गवंड्यांनी तो याच रीतीने केला असं ओळखता येतं.

खरं शिक्षण भरण्यात नव्हतं, आधी आणि नंतर होतं. आधी सांधा हाताने खरवडून त्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल करायचा, धूळ काढायची, पाणी मारायचं. मसाला मागपर्यंत दाबायचा, चिपा ठासायच्या. नंतर ओलं गोणपाट लावायचं आणि ते दिवसेंदिवस ओलं ठेवायचं. चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड घेत हळूहळू दगड होतो, त्याला घाई चालत नाही. पारा पाच अंशांच्या खाली जाणार असेल तर काम बंद. म्हणून इथे दरजा भरायचा हंगाम वसंतापासून सप्टेंबरपर्यंतच.

मी त्यांना आपल्या घाणीच्या चुन्याबद्दल सांगितलं: बैलाने फिरवलेलं दगडी चाक, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर. त्यांनी प्रमाणं विचारून वहीत लिहून घेतली.

२७ जून

कवी-कादंबरीकार वॉल्टर स्कॉटचं प्रकरण लिहून पूर्ण. हे टाळता येत नाही, कारण त्याच्याशिवाय कदाचित आज मोजायला मनोरा उरला नसता.

१६४५ मध्ये स्मेलहोम हार्डनच्या स्कॉट घराण्याकडे आलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राहणं खाली सँडीनाउला हललं आणि मनोरा ओस पडला. १७७१ मध्ये एडिंबऱ्यात जन्मलेल्या वॉल्टरचा पाय दीड वर्षाचा असताना पोलिओने अधू झाला. त्याला सँडीनाउला आजोबांकडे हवा बदलायला पाठवलं. उपाय म्हणून नुकत्याच सोललेल्या मेंढीच्या कातड्यात गुंडाळून ठेवायचे. गुराखी त्याला उचलून या कातळावर मेंढ्यांत आणून सोडत असे. एकदा तो इथेच विसरला गेला आणि वादळ सुरू झालं. आत्या धावत आली तर पोरगा पाठीवर पडून प्रत्येक विजेला टाळ्या वाजवत होता. म्हाताऱ्या माणसांकडून सीमेवरच्या धाडींच्या गोष्टी त्याने ऐकल्या त्या याच वर्षांत.

मोठेपणी, १७९९ च्या सुमारास, मनोरा ढासळू नये म्हणून त्याने मालकाला गळ घातली. मालक नात्यातलाच. त्याने अट घातली की या जागेवर एक कथागीत लिही. स्कॉटने लिहिलं, मनोरा राहिला. १८३१ मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, तो चित्रकार टर्नरला घेऊन इथे आला आणि टर्नरने मनोऱ्याची चित्रं काढली. तोवर लोक ही जागा पाहायला मुद्दाम यायला लागले होते.

यातून मी एवढंच घेते. दगडी कमानीने पाऊस अडवला, पण दगड चोरून नेणारे हात आणि ‘पाडून टाका’ म्हणणारी तोंडं कमानीने थांबत नाहीत. त्यासाठी गावात कुणाला तरी ती जागा आपली वाटावी लागते. १९५० मध्ये ती सरकारी देखरेखीखाली गेली, त्याआधीची दीडशे वर्षं तिला त्या आपलेपणाने तारलं.

५ जुलै

वाचताना सापडलेलं. साताऱ्याचा पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ, ज्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापला गेला, तो मूळचा बॅन्फचा, ईशान्य स्कॉटलंडमधला. भारतातून परतल्यावर बॅन्फजवळच्या ईडन इस्टेटीवर राहिला. त्या इस्टेटीवरही एका जुन्या टॉवर हाउसचं पडीक खोड आहे. प्रतापसिंह महाराजांच्या दरबारात वावरलेला आणि सह्याद्रीतले किल्ले पाहिलेला माणूस अशा एका पडक्या मनोऱ्याजवळ राहत होता, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. पुस्तिकेत एक चौकट.

१८ जुलै

‘पुन्हा बांधा की’ हा प्रश्न. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडमध्ये अनेक पडकी टॉवर हाउसं लोकांनी विकत घेतली, छपरं घातली, राहायला गेले. काही ठिकाणी काम उत्तम झालं आणि इमारत वाचली, हे मान्य करायला हवं.

दुसरी बाजू मॉयडार्टच्या चीरम किल्ल्याची. नव्या मालकाला तिथे छप्पर घालून राहायचं होतं. सरकारी स्मारक खात्याने परवानगी नाकारली, सार्वजनिक चौकशी झाली आणि २००२ मध्ये नकार कायम राहिला. किती उरलंय त्यापेक्षा किती नव्याने कल्पून बांधावं लागेल, हा वादाचा गाभा होता.

माझं मत स्मेलहोमच्या बाबतीत स्पष्ट आहे. आवारात १९८० च्या आसपास उत्खनन झालं आणि पाया उघडा पडला: प्रिंगलांच्या काळचा बाहेरचा दिवाणखाना, स्वयंपाकघर, आणि दिवाणखान्याच्या जागी स्कॉटांनी नंतर बांधलेलं घर. आज तो पाया जसा सापडला तसा दिसतो. त्यावर भिंती चढवायच्या म्हटलं तर कुणाच्या? प्रिंगलांच्या की स्कॉटांच्या? एक काळ उभा करायचा तर दुसरा पुसावा लागेल. १८७७ मध्ये लंडनमध्ये विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींसाठी संस्था काढली तेव्हा तिचा मुद्दा हाच होता की रोजची निगा राखा, म्हणजे मोठ्या जीर्णोद्धाराची वेळ येत नाही.

२ ऑगस्ट

पुण्याकडच्या एका दुर्गसंवर्धन गटाच्या दादांशी फोनवर बराच वेळ बोलणं झालं. कच्ची पानं त्यांनी सगळ्यांना वाचून दाखवली होती.

“ताई, पटतंय सगळं,” ते म्हणाले, “पण २०२५ ला आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आल्यापासून पोरांचा उत्साह आवरत नाही. बुरूज ढासळलेला दिसला की त्यांना तो उभा करायचा असतो. मी त्यांना काय काम देऊ?”

मी म्हटलं, पावसाळ्यात गडावर जा आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून जातं याचा नकाशा करा. दर वर्षी त्याच जागेवरून तोच फोटो घ्या. तुंबलेल्या मोऱ्या, बुजलेले नाले यांची यादी करून राज्य पुरातत्त्व विभागाकडे द्या, परवानगी मिळेल तेवढं मोकळं करा. दरज भरायला हात घालायचा तो विभागाच्या देखरेखीत आणि चुन्यानेच.

“म्हणजे बांधकाम नाही, पहारा,” दादा म्हणाले. “ते जमेल. मावळ्यांचं कामच ते.”

त्यांच्या या वाक्याने मला फार बळ आलं.

१२ सप्टेंबर

पानं जवळपास तयार. स्मेलहोमच्या चारी बाजूंची रेखाटनं झाली, ग्रीननाउचा छेद बाकी.

दादांच्या गटाकडून आलेला शेवटचा प्रश्न झाडांचा. इथे आयव्हीची वेल, आपल्याकडे पिंपळ आणि वड. दोन्हीकडे नियम एकच: उपटायचं नाही. मूळ सांध्यात शिरून दोन्ही बाजूंचे दगड धरून बसलेलं असतं, ओढलं की चिरे सोबत येतात. बुंधा बुडाशी कापायचा, मूळ जागच्या जागी मरू द्यायचं, ते वाळून सैल झालं की हलक्या हाताने काढून त्याच दिवशी पोकळी चिपा आणि चुन्याने बंद करायची. पिंपळ आयव्हीपेक्षा चिवट, पुन्हा फुटतो, म्हणून कापलेल्या जागेवर दोन पावसाळे तरी नजर ठेवावी लागेल. भिंतीच्या माथ्यावरच्या बारीक गवताला मात्र घाईने हात लावू नये. त्याची पातळ चटई ऊन-पावसाचा मारा झेलते, आणि इंग्लंडमधल्या पडक्या मठांच्या भिंतींवर तर ती मुद्दाम घालून पाहिली गेली आहे.

हे पान आज पूर्ण केलं आणि गटाला पाठवलं. ग्रीननाउला पुढच्या आठवड्यात, हवा कोरडी असेल तर.